टाळूवरची शपथ

माझ्या नातवंडांना शपथेचं काहीच वाटत नाही. उठता-बसता 'देवाशप्पथ', 'आईशप्पथ' चाललेलं असतं, आणि मी ओरडले की फिदीफिदी हसतात. हसू देत. मी मात्र या वयातही तो शब्द ऐकला की दचकते. का दचकते ते एकदाचं लिहून ठेवते, म्हणजे दर दिवाळीला तेच तेच सांगायला नको. आमच्या काकांचा जीव एका शपथेपायी गेला, आणि तो जाताना मला दिसत होता.

आमचा मळा कळंब्याच्या अंगाला. ऊस, थोडं भात, बांधावर नारळाची सात-आठ झाडं, विहिरीपाशी केळी, आणि गोठ्यात कायम चार-पाच म्हशी. घर मळ्यातच. शहर जवळ जवळ म्हणायचं, पण बैलगाडीनं जायला तास-सव्वा तास लागायचा. घरात माणसं मोजकीच. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आई, मी, माझा धाकटा भाऊ. आणि आबांचे पाठचे भाऊ, म्हणजे आमचे काका, त्यांची बायको काकी आणि त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा. मी तेव्हा अकरा वर्षांची. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. साल नेमकं विचारू नका. मला सालं आठवत नाहीत, उसाचे हंगाम आठवतात.

आमच्या घरात प्रत्येकाला एकेक नाद होता. छंद हा शब्द मी पुढं शाळेच्या पुस्तकात वाचला, आमच्याकडं नादच. आबांना पेटीचा नाद. दिवस मावळायच्या आत सोप्यात बसून ते तीन भजनं वाजवायचे, तिन्ही एकाच चालीवर, आणि कुणी चूक काढली की पेटी मिटून उठायचे. आईला मण्यांचा. दाराला तोरण, देवाला तोरण, पाण्याच्या हंड्यावर मण्यांचं झाकण. आबा म्हणायचे की एक दिवस ही मलाबी मणी लावंल. आणि काकांना म्हशीचा नाद. तो नाद नव्हता, वेड होतं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात. अंग भादरून, तेल लावून म्हैस काळीभोर करायची, शिंगं रंगवायची, त्यांत मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. मालकानं पुढं पळत हाळी द्यायची आणि म्हशीनं शंभर माणसांच्या गर्दीतून फक्त त्याच्या हाळीमागं धावायचं. दोरी नाही, काठी नाही. काकांची एक म्हैस होती, काका सायकलवरून हाळी द्यायचे आणि ही भली मोठी म्हैस मागून घोडीसारखी यायची. तिच्या कवड्यांच्या माळा ओवायचं काम माझं. म्हणून मी सदा गोठ्यात.

तिचं दूधही आम्हा मुलांच्या वाटचं. धारेचं दूध, ऊन ऊन, फेसासकट, न तापवता. सकाळी आम्ही फुलपात्रं घेऊन रांगेनं बसायचो आणि काका एखादी धार सरळ माझ्या भावाच्या तोंडात उडवायचे. तापवलेल्या दुधानं अंगात काय येतंय, असं त्या वेळी समजत. मोठी माणसं चहा घ्यायची. काका तर म्हशीचे एवढे वेडे, पण दुधाचा थेंब तोंडात घेत नसत. त्यांना दुधाची शिसारी होती. काकी चिडवायची, की म्हशीवर एवढा जीव आणि तिच्या दुधाला नाक मुरडता, माझं काय व्हायचं.

काकांच्या हातात आणखी एक कसब होतं. उसाच्या दिवसांत जनावरांना उसाचे शेंडे घालतात. कधी कधी एखादं कांडं घशात अडकतं आणि जनावर गुदमरतं. अशा वेळी आसपासच्या वस्त्यांवरून काकांना बोलावणं यायचं. ते एका हातानं जीभ बाजूला ओढून धरत, दुसरा हात कोपरापर्यंत आत घालत आणि कांडं काढून आणत. पण काकीला मुलगा झाला त्याच महिन्यात एका बैलानं दाढांखाली त्यांचं बोट चेंगरलं. बोट सुजून वांग्याएवढं झालं, दीड महिना हात कामातून गेला. काकी बाळंतीण, अंगात ताप. तिनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी काकांना पाळण्याजवळ उभं केलं. पोराच्या टाळूवर हात ठेवून काकांनी शपथ घेतली, की पुन्हा कुठल्याही जनावराच्या तोंडात हात घालणार नाही.

टाळूवरची शपथ ही आमच्याकडं साधी गोष्ट नव्हे. मोडली तर ज्याच्या टाळूवर हात ठेवला त्याला बाधते, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. दुसरी शपथ म्हणजे 'माझी शपथ आहे तुला' ही. ती तुम्ही मोडली तर शपथ घालणारा मरतो. ती उतरवायची असेल तर घालणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं 'सुटली' म्हणावं लागतं. याला कुणी अडाणीपणा म्हणेल. म्हणा. आबा चार इयत्ता शिकलेले होते, वर्तमानपत्र वाचायचे, त्यांचाही यावर विश्वास होता.

त्या वर्षी नवरात्रात एक कुत्रं मळ्यात शिरलं. तांबूस, मान वाकडी, तोंडातून लाळेची तार. ते भुंकलं नाही की पळालं नाही. आबांनी दगड मारला तर वळूनसुद्धा बघितलं नाही, तसंच सरळ चालत उसात गेलं. दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेलं मात्र कुणी पाहिलं नाही. दोन दिवसांनी काकांच्या म्हशीच्या नाकपुडीवर एक ओरखडा दिसला. उसाचा पाला अंग कापतोच, तेव्हा पाल्यानं कापलं म्हणून काकांनी हळद-तेल लावलं. आठ दिवसांत खपली पडून गेली आणि आम्ही विसरलो. पाडव्याला ती म्हैस अशी काही पळाली की लोक महिनाभर तिचं नाव काढत होते.

मार्गशीर्ष सरता सरता गुऱ्हाळ लागलं. काका गुळव्या. म्हणजे काहिलीत रस उकळताना तो नेमका कधी उतरवायचा, हे ज्याला कळतं तो माणूस. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत चुलवाणापाशी उभं राहायचं, तोंड भाजलेलं, हातावर फोड, बोटांना पाल्यानं कापलेलं. त्याच दिवसांत ती म्हैस रेकायला लागली. साधं रेकणं नव्हे, घोगरं, घसा बसलेल्या माणसानं ओरडावं तसं. थांबेचना. काका म्हणाले, माजावर आली. तिला रेड्याकडं नेली तर तिनं रेड्यालाच शिंगावर घेतलं. घरात सगळे हसले. आई मात्र हसली नाही. तिला तो आवाज ऐकवत नव्हता, ती दार लावून घ्यायची. दूध निम्म्यावर आलं होतं, पण आम्ही दोन दिवस ते धारेचंच प्यालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात माळ ओवत बसले होते. आबा गुऱ्हाळावर, आई आणि काकी ओढ्याला धुणं घेऊन गेलेल्या. काका जेवायला म्हणून आले ते आधी गोठ्यात शिरले. म्हैस मान ताणून उभी होती. तोंडातून लाळ गळत होती, गिळायला बघत होती आणि गिळता येत नव्हतं. पाण्याच्या टोपात तोंड घालायची आणि पाणी तसंच सांडून द्यायची. काका लगेच म्हणाले, "कांडं अडाकलंय."

त्यांनी दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांनी तिच्या कपाळावर थोपटलं, नेहमीची हाळी हळू आवाजात दिली, जीभ धरली आणि हात आत घातला. बराच वेळ चाचपत राहिले. म्हैस त्यांच्या हातावर दाढा घासत होती, पण चावायला बघत नव्हती. शेवटी हात बाहेर काढून म्हणाले, आत काहीच नाही. त्यांच्या बोटांचे सांधे खरचटले होते. ते त्यांनी राखेनं चोळून धुतले, आणि मग मला जवळ बोलावलं.

"काकीला सांगू नगंस. कुणालाच सांगू नगंस. माझी शपथ हाय तुला."

संध्याकाळी म्हशीचे मागचे पाय गेले. दुसऱ्या दिवशी आबांनी शहरातून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी गोठ्याच्या दारातूनच पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. म्हैस पिसाळली होती. त्यांचा पहिला प्रश्न, हिचं दूध न तापवता कोण कोण प्यालं? आईनं माझ्याकडं, भावाकडं आणि काकीच्या कडेवरच्या पोराकडं बोट केलं. म्हैस दुपारनंतर मेली. शेताच्या टोकाला खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरली.

लगेच आम्हा तिघा मुलांना गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. चौदा दिवस, रोज एक सुई, बेंबीच्या भोवती, पोटात. सुई बघूनच माझ्या भावानं टेबलाखाली दडी मारली. तिथले डॉक्टर भले गृहस्थ होते, नीट चौकशी करणारे. त्यांनी आबांना आणि काकांना समोर बसवून विचारलं, "आजारी असताना जनावराच्या तोंडात कुणी हात घातला होता का? लाळ कुणाच्या अंगाला लागली?"

आबांनी काकांकडं बघितलं. गोठ्याचं सगळं तेच करायचे.

"न्हाय," काका म्हणाले. "हात घालायचं मी कवाच सोडलंय."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? काका म्हणाले, नक्की. काकी खाली मान घालून पोराच्या सदऱ्याची गुंडी लावत होती. मी तोंड उघडलं असतं तर काका मेले असते, माझ्या डोक्यात एवढंच पक्कं होतं. मी गप्प राहिले. माझ्या पोटात सुई गेली तेव्हा मी रडलेसुद्धा नाही, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

ते चौदा दिवस काकाच गाडी जुंपून आम्हाला न्यायचे. गुऱ्हाळ तेवढा वेळ आबांवर सोडून जायचं, उन्हातून यायचं. दवाखान्यात पोराचे पाय धरायचं कामही त्यांचंच. पोर किंचाळायचं, 'बाबा सोडा, बाबा सोडा', आणि काका घट्ट धरून दुसरीकडं बघायचे. ज्याला खरी गरज होती तो माणूस सुईपासून हातभर अंतरावर रोज उभा राहत होता. आता आठवलं तरी माझं डोकं फिरतं. तो खरचटलेला हात डॉक्टरांपुढं करायचा होता फक्त.

पाचव्या की सहाव्या दिवशी परत येताना तळ्यापाशी बैल पाण्यावर सोडले. काकी त्या दिवशी आली नव्हती, माझा भाऊ आणि पोर गाडीत झोपी गेले होते. मी काकांच्या मागं मागं गेले. आमच्याकडं पोरीबाळी, बायका सगळ्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, पुण्याची माणसं हसतात त्याला. मी म्हणाले, "काका, सुटली म्हणा की. मी आबांस्नी सांगतो. तुमी बी सुई घ्या."

काका चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत. माझ्या शेजारी चवड्यावर बसून त्यांनी मला मोठ्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं. शपथ पोराच्या टाळूवरची होती. मोडली हे तोंडानं कबूल केलं की मगच ती पोराला बाधते, असं त्यांनी धरलं होतं, आणि पोराच्या पोटात तर आत्ताच सुया चालल्या होत्या. एवढ्यात तोंडातून काढलं आणि सुया लागूच पडल्या नाहीत तर?

"ही चौदा पार पडू देत," ते म्हणाले. "मग मी आपनहून डॉक्टरला सांगतो. तवर गप ऱ्हा."

मी दिवस मोजायला लागले. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी पोराच्या हातात लिमलेटची गोळी दिली आणि काकीला म्हणाले, मुलं सुटली म्हणायला हरकत नाही, तरी सहा महिने लक्ष ठेवा, पाणी नको म्हणायला लागलं, घास गिळेना झालं तर तसंच घेऊन या. मी काकांचा सदरा ओढला. ते डॉक्टरांच्या दाराकडं बघत उभे राहिले. एकदा एक पाऊल पुढं टाकलंही. मग पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि गाडीकडं चालायला लागले. गाडीत मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "ऐकलंस न्हवं? सहा म्हैनं. तवर पोराचा भरवसा न्हाय."

तेव्हापासून घरात पोरावर पहारा बसला. काकी दर घटकेला त्याला पाणी पाजायची. तो घोट घेतो का, कसा घेतो, ठसकतो का, हे बघायला आई हातातलं काम टाकून यायची. आबा पेटी वाजवताना मध्येच थांबून विचारायचे, पानी प्याला का? त्यानं एकदा खेळता खेळता भांडं ढकलून दिलं तर काकीनं बोंब ठोकली. सगळं घर पोराच्या गळ्याकडं बघत होतं. मी एकटी काकांच्या गळ्याकडं बघायची. ते जेवायला बसले की मी तांब्या घेऊन समोर. त्यांचा गळा वर जाऊन खाली आला की मला श्वास यायचा. एकदा त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, काय बघतीस गं टकामका, तुझ्या काकाला शिंगं फुटली का? आणि मुद्दाम सगळा तांब्या घटाघटा रिकामा करून दाखवला. मी हसले. खरंच बरं वाटलं मला त्या दिवशी.

संक्रांत गेली, माघ गेला. काकांना काही होत नव्हतं. मीही हळूहळू विसरायला लागले, पोरच होते की. काकांनी नवी पारडी आणली, तिला हाळी शिकवायला लागले. होळीला त्यांनी पोराला खांद्यावर बसवून गावभर फिरवलं. गुऱ्हाळ आटोपलं आणि त्यानंतर चार-सहा दिवसांत ते उजवा हात झटकायला लागले. मुंग्या येतात म्हणाले. काकी रोज खोबरेल चोळायची. हंगामभर काहिलीपाशी उभं राहून शिरा धरल्यात, असं म्हणायची. ती चोळत असताना काका माझ्याकडं बघत नसत. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, राखेनं चोळून धुतलेली ती बोटं.

मग तो दुपारचा जेवणाचा प्रसंग. चैत्राचं ऊन, सगळे सोप्यात. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, नुसताच हातात धरला. तहान लागली म्हणाले. मी तांब्या दिला. त्यांनी तोंडाशी नेला आणि त्यांच्या गळ्याला असा काही हिसका बसला की तांब्या हातातून उडून भिंतीपाशी गेला. त्यांनी पुन्हा हात पुढं केला. आईनं दुसरं भांडं भरलं, पाण्याचा आवाज झाला, आणि त्या आवाजानंच त्यांना पुन्हा तसं झालं. इतके दिवस पोराकडं बघणारं सगळं घर त्या दुपारी काकांकडं बघत होतं. काकी तर उठलीसुद्धा नाही, तशीच बसून राहिली, भाकरीवर हात ठेवून.

काका स्वतःच उठले. बाहेरच्या खोलीत जाऊन बसले आणि आतून सांगितलं, पोराला माझ्याजवळ आणू नका. आबांनी गाडी जुंपली. काकांना वारा सोसेना, म्हणून भर उन्हात डोक्यावरून घोंगडं घेतलं. गाडीत बसल्यावर त्यांनी घोंगडं जरा बाजूला केलं आणि अंगणात मला शोधलं. मी काकीच्या शेजारी उभी होते.

"सुटली गं पोरी," ते म्हणाले. "सुटली."

आबांना, आईला वाटलं त्यांना भ्रम झाला. गाडी गेली. आता मी कुणालाही सांगू शकत होते, आणि सांगून काही उपयोग नव्हता.

दवाखान्यात त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. डॉक्टर आबांना म्हणाले म्हणे, त्याच दिवशी, मुलांबरोबरच यांनाही सुया सुरू केल्या असत्या तर बहुधा वाचले असते. आता कुणाच्या हातात काही नाही. तिसऱ्या दिवशी काका गेले. आबा परत आले ते रडत नव्हते, शिव्या देत होते. मेलेल्या भावाला, अंगणात उभं राहून, मोठमोठ्यानं. इतका कसा मूर्ख तू, इतका कसा मूर्ख. आई त्यांना धरायला गेली तर तिलाही ढकलून दिलं.

मला काकांचा राग आला नाही. मला शपथेचा राग आला. मी ती पाळली होती की! जीव मुठीत धरून पाळली होती. एक अक्षर बोलले नव्हते. काका मरू नयेत म्हणून गप्प बसले, आणि काका मेले. अकरा वर्षांच्या मुलीला हे कुणी समजावून सांगायचं? कुणाला विचारणार? गोठ्यात मी होते, मी बघितलं होतं, तळ्यावर मी विनवलं होतं, हे पुढं सात वर्षं माझ्या पोटात राहिलं. काकीसमोर जेवायला बसले की मी ताटावरून मान वर काढत नसे. ती मात्र मला कधी काही बोलली नाही. उलट माझ्या केसांना तेल घालायची, वेणी घालायची, आईपेक्षा जास्त करायची. ते मला जास्तच लागायचं.

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी माळवदावर सांडगे घालत होतो. लग्नाला आठ दिवस उरले होते. मला वाटलं, हे ओझं घेऊन दुसऱ्याच्या घरी कशी जाऊ? हातातलं पीठ तसंच ठेवून मी एका दमात सगळं बोलले. गोठा, शपथ, दवाखान्यात मी तोंड उघडलं नाही ते, तळ्यावर काका काय म्हणाले ते. बोलून झाल्यावर मी डोळे मिटून घेतले. काकीनं मला मारलं असतं तरी मी चकार शब्द काढला नसता.

काकी सांडगे घालत राहिली. मग म्हणाली, "गाडीतनं तुला सुटली म्हणाले, तवाच मला कळलं तुला ठावं हाय म्हणून."

मी डोळे उघडले. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी ओढ्यावरून आल्यावर तिनं काकांचा सदरा धुवायला घेतला होता. उजवी बाही खांद्यापर्यंत लाळेनं चिकट, वर म्हशीच्या तोंडाचा वास. इतक्या म्हशींत जन्म गेलेल्या बाईला काय ते लगेच समजलं. तेव्हा तिला नुसता राग आला होता, नवऱ्यानं शपथ मोडली याचा. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर बोलले आणि राग जागच्या जागी विरून गेला. दवाखान्यात त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तीही सांगू शकली असती. रोज सांगू शकली असती, चौदाच्या चौदा दिवस. पण टेबलावर तिचं पोर होतं.

"शपथ मोडली असं माझ्या तोंडानं निघालं, की ती पोराला बाधणार. न्हाय बोललं तर कदाचित न्हाय बाधायची, असं धरून बसलो मी. ह्यांना चावली न्हवती की. चावल्याबिगर काय हुईत न्हाय, असं मनाला सांगत ऱ्हायलो." तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "रोज रात्री त्यांचा हात बघायचो. हात बरा दिसायचा."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिच्यापासून लपवतेय. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, आम्ही तिघं तीच एक गोष्ट जाणून होतो आणि तिघंही जपून गप्प होतो. मला रडायला यायला लागलं. मी म्हणाले, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं गं काकी, माझंच चुकलं.

"तू पोर हुतीस, बाय," काकी म्हणाली. "मी न्हवतो."

आणि पिठाची परात माझ्याकडं सरकवून, ऊन उतरायच्या आत उरलेले सांडगे घाल म्हणाली.